खाडी आणि खाजणासाठी छोटी ॲल्युमिनियम होडी: चौदा फुटी घ्यावी की सोळा फुटी?

खाजणकर_बेटाउन

नमस्कार.

मी टेक्ससमध्ये ह्यूस्टनच्या पूर्वेला राहतो. गॅल्व्हेस्टन उपसागराचा पूर्वेकडील फाटा, ज्याला ईस्ट बे म्हणतात, आणि त्याच्या उत्तर काठाने पसरलेली खाजणे हे माझे मासेमारीचे क्षेत्र आहे. आजवर किनाऱ्यावरून किंवा कंबरभर पाण्यात उभे राहून गळ टाकत आलो. गेल्या हंगामापासून एका मित्राबरोबर बदकांच्या शिकारीलाही जाऊ लागलो असून, दोन्ही कामांसाठी मिळून एक छोटी ॲल्युमिनियमची होडी घेण्याचा विचार आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा विषय आपल्यासाठी बंद झाला आहे आणि शिकारीबद्दल अनेकांची मते तीव्र आहेत, याची मला कल्पना आहे. परंतु येथे प्रश्न केवळ होडीचा आहे आणि चर्चा तेवढ्यापुरतीच राहावी, ही विनंती.

आमची गरज पुढीलप्रमाणे आहे. होडीत दोन माणसे, एक लॅब्रॅडॉर कुत्रा, दोन डझन डिकॉय (बदकांना भुलवण्यासाठी पाण्यावर सोडायची नकली बदके), बंदुका आणि एक शीतपेटी एवढा ऐवज असेल. खाजणाच्या आत पाणी आठ ते बारा इंच असते आणि उत्तरेचा वारा दोन दिवस सलग वाहिला की त्याहूनही कमी होते. तळ मऊ चिखलाचा आहे, मात्र ओढ्यांच्या मुखांशी कालवांचे खडक आहेत. होडी पाण्यात उतरवण्याच्या रॅम्पपासून खाजणाच्या तोंडापर्यंत पोहोचण्यासाठी उपसागराच्या काठाने दोन-तीन मैल उघड्या पाण्यातून जावे लागते. घरी टोयोटा सिएना ही मिनीव्हॅन आहे, आणि आमच्या वसाहतीच्या नियमांनुसार होडी अंगणात उभी दिसता कामा नये, म्हणून ती गॅरेजमध्येच मावली पाहिजे.

पर्याय तीन दिसतात. पहिला, जुनी १४३६ आणि तिच्यावर ९.९ अश्वशक्तीची मोटर. दुसरा, १४४८ आणि २० अश्वशक्तीची आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायची मोटर. तिसरा, वेल्डिंगची १६४८ आणि तिच्यावर चिखलात चालणारी एअर-कूल्ड मोटर. (ज्यांना ही पद्धत परिचित नाही त्यांच्यासाठी: पहिले दोन आकडे लांबी फुटांत आणि पुढचे दोन तळाची रुंदी इंचांत सांगतात.) माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण होडी जितकी लहान आणि हलकी, तितकी ती कमी पाण्यात तरेल, असे मला वाटते. हे बरोबर आहे का? आणि रिव्हेटची होडी खाऱ्या पाण्यात कितपत टिकते?

वल्हवणारा

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही आकड्यांनी देतो.

लहान होडी कमी पाण्यात तरते, हे रिकाम्या होडीपुरते खरे आहे. माणसे आणि सामान चढले की होडी आपल्या एकूण वजनाइतके पाणी बाजूला सारते, आणि ते पाणी किती खोलीत सामावते हे तळाच्या क्षेत्रफळावर ठरते. १४४८ चा पाण्याला टेकणारा सपाट तळ साधारण १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद, म्हणजे ४८ चौरस फूट असतो. अशी होडी एक इंच खाली बसते तेव्हा ती ४ घनफूट पाणी सारते, आणि गोड्या पाण्याचे वजन घनफुटाला ६२.४ पौंड धरले तर इंचाला सुमारे २५० पौंड वजन पेलले जाते. आता आपले वजन मांडू. होडी ३०० पौंड, २० अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटर १००, पेट्रोलची सहा गॅलनची टाकी ४०, वेडर्स (पाण्यात उभे राहण्यासाठीचा छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख) घातलेली दोन माणसे ४००, कुत्रा ७० आणि बाकीचे सामान १५०. बेरीज १,०६० पौंड, म्हणजे होडी सव्वाचार इंच पाण्यात बसेल.

हाच हिशेब बारा फुटी, ३६ इंची तळाच्या होडीला लावून पाहा. तिचा तळ ३०-३२ चौरस फुटांचा, म्हणजे इंचाला जेमतेम १६५ पौंड. होडीचे स्वतःचे वजन निम्मे धरले आणि मोटर तीच ठेवली, तरी बेरीज ९१० पौंडांवर जाते आणि होडी साडेपाच इंच बुडते. १४३६ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडेल. म्हणजे दोन माणसे, कुत्रा आणि सामान हे ओझे ठरलेले असेल, तर अरुंद होडी रुंद होडीपेक्षा जास्त पाणी मागते, शिवाय तिचे काठ ठेंगणे असल्यामुळे पाण्यावर उरणारी उंचीही कमी राहते. एकट्याने, हलक्या सामानानिशी तळ्यात जाणाऱ्यासाठी १४३६ उत्तम आहे; आपल्या कामासाठी नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विक्रेते होडी किती इंचांत तरते ते सांगतात, पण आउटबोर्ड मोटरचा खालचा दांडा आणि पंखा तळाच्याही खाली आठ-दहा इंच उतरतो. होडी सव्वाचार इंचांत तरत असली, तरी मोटर पूर्ण खाली असताना आपल्याला एक फुटाहून अधिक पाणी लागेल. उथळ पाण्यासाठी मोटर अर्धवट उचलून चालवण्याची खाच बहुतेक मोटरींना असते, तिचा उपयोग करून हळूहळू जाता येते, आणि त्याही पलीकडे मोटर पूर्ण वर घेऊन काठीने रेटत जावे लागते. टेक्ससच्या किनाऱ्यावर नवीन माणसे फसतात ती येथेच. वेगात असताना होडी पाण्यावर उचललेली असते आणि मग ती आश्चर्य वाटावे इतक्या कमी पाण्यावरून निघून जाते. परंतु थांबली की ती खाली बसते, आणि पुन्हा उचलण्यासाठी मोटरला रेटा देताच तिचा मागचा भाग आधी आणखी खोल रुततो. म्हणून ‘किती पाण्यातून धावेल’ हा प्रश्न दुय्यम समजावा. ‘किती पाण्यात थांबून पुन्हा निघता येईल’ हे विचारावे.

आपल्या उपसागराबद्दल एक गोष्ट आपण जाणताच, तरी होडी निवडताना ती पुढे आणतो. येथे चंद्राच्या भरती-ओहोटीचा फरक फूट-दीड फुटाच्या आसपास असतो, आणि पाण्याची पातळी ठरवण्यात वाऱ्याचा वाटा अनेकदा त्याहून मोठा असतो. हिवाळ्यात उत्तरेचा थंड वारा सुटला की तो उपसागरातील पाणी अक्षरशः बाहेर ढकलतो आणि पातळी फूट-दोन फूट खाली जाते. बदके उत्तम हलतात तीही नेमकी याच वाऱ्यावर. म्हणजे शिकारीचा सर्वांत चांगला दिवस आणि होडी रुतण्याचा सर्वांत मोठा धोका बरोबरच येतात, आणि त्याच दिवशी आपल्याला त्या दोन-तीन मैलांच्या उघड्या पाण्यातून आखूड, उभ्या लाटा कापत जायचे व परत यायचे असते.

म्हणून माझ्या मते आपल्या होडीची निवड खाजणाने नव्हे, तर त्या दोन-तीन मैलांनी ठरावी. खाजणात पाणी कमी पडले तर माणूस उतरून होडी ओढू शकतो. उघड्या पाण्यात काठ कमी पडला तर उतरायला जागा नसते. १४४८ मध्येही अगदी सपाट तळाची न घेता नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, किंचित व्ही आकार असलेली घ्यावी. सपाट तळ लाटांवर आपटतो, पाणी उडवतो आणि कंबर धरायला लावतो. किंचित व्ही असलेल्या होडीला उथळ पाण्यात इंचभराची किंमत मोजावी लागते, ती मोजण्यासारखी आहे. मागची फळी, जिच्यावर मोटर बसते, ती १५ इंच उंचीची आणि २० इंच उंचीची अशी दोन प्रकारची मिळते. आपण २० इंचीच पाहावी, कारण मोटर बंद करून होडी थांबली की मागून येणारी लाट त्या फळीवरूनच आत शिरते. मोटर घेताना तिचा दांडा त्या उंचीला जुळणारा आहे ना, हे पाहणे ओघाने आलेच.

मोटरच्या शक्तीबद्दल: २० फुटांखालील होड्यांवर कोस्ट गार्डच्या नियमांनुसार क्षमतेची पट्टी असते, आणि तिच्यावर माणसांचे वजन, एकूण वजन व कमाल अश्वशक्ती लिहिलेली असते. सपाट तळ आणि धारदार कडा असलेल्या होडीला त्याच मापाच्या इतर होडीपेक्षा कमी अश्वशक्ती मान्य होते, त्यामुळे काही १४४८ होड्यांवर मर्यादा २५ च्या आसपास सापडेल. एकूण वजनाचा आकडा वाचताना त्यात मोटर आणि सामान धरलेले आहे, हे विसरू नये.

गाडीची चिंता नसावी. सिएनाची ओढण्याची क्षमता ३,५०० पौंड आहे आणि आपली होडी, मोटर व ट्रेलर मिळून हजार पौंडांच्या आसपास राहतील. मात्र सिएना फक्त पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर शेवाळलेल्या रॅम्पवरून वर येताना ती चाके घसरतात, कारण ट्रेलरचे वजन गाडीच्या मागच्या टोकावर पडते. ओहोटीत रॅम्पचा ओला, हिरवा भाग उघडा पडतो, तेव्हा हे विशेष जाणवते.

लेक_चार्ल्सहून

वर मांडलेला हिशेब मला मान्य आहे, निष्कर्ष पूर्णपणे मान्य नाही.

मी लुइझियानाच्या नैऋत्य भागात राहतो. येथील दलदलीत पाणी आणि चिखल यांच्यामध्ये स्पष्ट सीमाच नसते. वर चार इंच पाणी, खाली दही लागल्यासारखा दोन फूट चिखल, आणि त्यावर पाणवनस्पतींचा थर. अशा ठिकाणी आउटबोर्ड मोटर पाणी ओढण्याच्या छिद्रांतून चिखल घेते, थंड होण्याचा मार्ग बंद पडतो आणि ती तापते. याच अडचणीवर येथे एअर-कूल्ड इंजिन आणि लांब दांड्यावरचा पंखा असलेली मोटर रुळली. बॅटन रूजच्या गो-डेव्हिल कंपनीचे नाव तर कित्येकांच्या तोंडी अशा मोटरीसाठी सर्रास येते. आग्नेय आशियातील, विशेषतः थायलंडमधील लांब शेपटीच्या होड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना लगेच ओळखू येईल. पुढे त्यातूनच आखूड दांड्याचा, पृष्ठभागाशी फिरणाऱ्या पंख्याचा प्रकार आला, ज्याला सरफेस ड्राइव्ह म्हणतात. हा पंखा ओंडक्यावरून आणि लव्हाळ्यांतून चालतो, आउटबोर्ड जेथे थांबते तेथून पुढे जातो.

आता त्याची किंमत, पैशातली नव्हे, वजनातली. अशी मोटर त्याच शक्तीच्या आउटबोर्डपेक्षा बरीच जड असते आणि सगळे वजन मागच्या फळीच्याही मागे लटकते. १६४८ चा तळ ५६ चौरस फुटांचा धरला तर इंचाला २९० पौंड पेलतात. पण वेल्डिंगची होडी ४५० पौंड आणि मोटर २५० पौंड धरली, बाकीचे तेच, तर बेरीज १,३६० होते आणि होडी साडेचार इंचांच्या पुढे जाते. म्हणजे तरण्याच्या खोलीत १४४८ पेक्षा फायदा नाही; फायदा आहे तो केवळ मोटरला पाणी लागत नाही, याचा. आवाज कर्णकर्कश असतो, कानात बोळे घातल्याशिवाय चालवू नये. खुल्या पाण्यात समान शक्तीच्या आउटबोर्डइतका वेग मिळत नाही. स्वस्त नमुन्यांत रिव्हर्स नसतो, त्यामुळे धक्क्याला लागताना कसरत होते.

तेव्हा निवड तळावर करावी. आपल्या खाजणात मऊ चिखल आहे, पण तो किती खोल आहे, हे आपण लिहिलेले नाही. काठी टाकून पाहा. सहा इंचांखाली घट्ट वाळू किंवा शिंपल्यांचा थर लागत असेल, तर चिखलाच्या मोटरीला तेथे काम नाही, आणि १४४८ वर आउटबोर्ड हेच योग्य. काठी हात-दीड हात आत जात असेल, तर उतरून ओढण्याचा वर सुचवलेला उपाय माणसालाच अडकवतो. त्या चिखलात वेडर्स घातलेल्या माणसाने उतरू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

आणखी एक. ईस्ट बेच्या काठावर अनाहुआक हे संघीय वन्यजीव आश्रयक्षेत्र (रेफ्यूज) आहे. अशा क्षेत्रांत होडीचा प्रकार आणि अश्वशक्ती यांवर स्वतंत्र निर्बंध असतात, काही ठिकाणी २५ अश्वशक्तीची मर्यादा असते आणि एअरबोट (हवेत फिरणाऱ्या मोठ्या पंख्याने चालणाऱ्या होड्या) वर्ज्य असतात. जेथे शिकार करणार त्या क्षेत्राचे त्या वर्षीचे नियमपत्रक आधी वाचावे आणि मगच मोटरीचे पैसे द्यावेत. टेक्ससच्या किनारी पाण्यात समुद्री गवत मुळासकट उपटणे २०१३ पासून राज्यभर गुन्हा आहे, हेही उथळ पाण्यात पंखा फिरवणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

धातुकाम_गोवा

मला शिकारीतले काही कळत नाही, पण गोव्यात जहाजबांधणीच्या क्षेत्रात ॲल्युमिनियमचे काम केले आहे, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो.

या छोट्या होड्यांसाठी बहुतेक ५०५२ हा मिश्रधातू वापरतात. त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असते आणि खाऱ्या पाण्यात तो चांगला टिकतो. पत्र्याची जाडी अमेरिकेत इंचाच्या हजारांशांत सांगतात: ०.०६३ म्हणजे १.६ मिलिमीटर, ०.०८० म्हणजे २, ०.१०० म्हणजे अडीच आणि ०.१२५ म्हणजे ३.२ मिलिमीटर. कालवांच्या खडकांवर होडी घासणार असेल, तर १.६ मिलिमीटरचा तळ मी घेणार नाही. २ मिलिमीटर किमान आणि अडीच समाधानकारक. कालवाच्या कडेने पत्र्यावर ओरखडे आणि पोचे येतील, पण फायबरच्या होडीप्रमाणे वरचा थर फुटून आत पाणी झिरपत नाही.

रिव्हेट की वेल्डिंग, हा वाद जितक्या जोराने होतो तितका त्यात अर्थ नाही. थंड काम करून कठीण केलेला ५०५२ वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगत नरम पडतो, म्हणून वेल्डिंगच्या होडीला जाड पत्रा घ्यावा लागतो आणि तिचे वजन वाढते. रिव्हेटची होडी पातळ पत्र्यात, हलकी बनते, पण आपटण्याने काही वर्षांनी रिव्हेट सैल होऊन थेंबथेंब गळू लागतात. ते पुन्हा ठोकून घट्ट करता येतात. दोन माणसे आणि एक ठोकळा एवढ्यावर काम होते. वेल्डिंगला चीर गेली तर मात्र ॲल्युमिनियमचे काम जाणणारा वेल्डर शोधावा लागतो.

होडी मरते ती जोडणीने नव्हे, तर दुसऱ्या धातूच्या संगतीने. खारे पाणी मध्ये असेल, तर ॲल्युमिनियम आणि त्याहून उच्च धातू यांचा मिळून एक घटच तयार होतो, आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. स्टेनलेसचे स्क्रू ही यातील नेहमीची जागा. ते बसवताना मध्ये नायलॉनची चकती आणि गंजरोधक लेप द्यावा. पितळी बुडाची रिकामी काडतुसे किंवा शिशाची वजने तळाच्या खाऱ्या पाण्यात आठवडाभर पडून राहिली, तर त्यांच्याखाली खड्डे पडतात. तळाला तांबेयुक्त रंग कदापि देऊ नये. बॅटरीची ऋण तार होडीच्या अंगाला जोडू नये, प्रत्येक उपकरणासाठी परतीची तार वेगळी घ्यावी.

सर्वांत फसवी गोष्ट लाकडाची आहे. वाळवी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या लाकडात तांब्याचे क्षार असतात. लोक स्वस्तात मिळते म्हणून हेच लाकूड होडीतील फळ्यांना किंवा ट्रेलरवरील आधाराच्या ओंडक्यांना वापरतात, त्यावर गालिचा ठोकतात, आणि तो ओला गालिचा महिनोन् महिने ॲल्युमिनियमला चिकटून राहतो. अशा जागी तळाला पांढरी भुकटी येते व पुढे आरपार छिद्रे पडतात. साधे लाकूड रंगवून वापरावे किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या लावाव्यात. होडीच्या आतही गालिचा नको. बदकांना भांड्यासारखा खडखडाट ऐकू जाऊ नये, म्हणून तळाला काही मऊ लागत असेलच, तर काढून धुता येईल अशी रबरी चटई घालावी. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावी, ट्रेलरसकट.

तटरक्षित

होडीच्या वजनात हिशेबाबाहेरचा एक पाहुणा असतो, त्याची आठवण करून देतो. २० फुटांखालच्या या होड्या पाणी भरल्यावरही तरंगत राहाव्यात, म्हणून त्यांच्या बाकांखाली फोम भरलेला असतो. जुन्या होडीत हा फोम वर्षानुवर्षे पाणी शोषत राहतो, वरून काही दिसत नाही, आणि होडी शंभर पौंडांनी जड झालेली असू शकते. जुनी घेणार असाल, तर ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या आणि ट्रेलरचे वजन वजा करून कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहा.

जीवरक्षक जॅकेट प्रत्येकासाठी असावे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. होडी १६ फूट किंवा अधिक लांबीची झाली की फेकता येणारे तरंगते साधनही बाळगावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांखालील होडीवर ३ किंवा अधिक अश्वशक्तीची मोटर असेल, तर वेगात असताना मोटर बंद करणारी दोरी चालकाने अंगाला अडकवणे संघीय नियमाने बंधनकारक आहे. हाताने सुकाणू धरून चालवायच्या छोट्या होडीत ही दोरी मला सर्वांत मोलाची वाटते. जानेवारीच्या पाण्यात पडलेल्या माणसाला परत येणारी होडी हवी असते, गोल गोल फिरत राहणारी नव्हे.

गोळी झाडण्यापूर्वी मोटर पूर्ण बंद असली पाहिजे आणि मोटरच्या जोराने होणारी होडीची गतीही थांबलेली असली पाहिजे, हा स्थलांतरित पक्ष्यांबाबतचा संघीय नियम आहे. मेलेला किंवा जखमी पक्षी उचलायला मोटर चालवून जाता येते. आणि आपले मित्र एच-१बीसारख्या व्हिसावर असतील, तर त्यांना बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातील एक अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, म्हणून तारखेकडे लक्ष असू द्यावे.

खाजणकर_बेटाउन

सर्वांचे आभार. रुंदीचा हिशेब वाचून १४३६ चा विचार सोडला आहे.

काल ओहोटीला जाऊन काठी टाकून पाहिली. मुखापासून आत बऱ्याच अंतरापर्यंत वीतभर चिखलाखाली घट्ट थर लागतो. अगदी आतल्या दोन तळ्यांतच काठी खोल जाते. त्या तळ्यांत गेल्याशिवायही आमचे काम भागेल. म्हणजे १४४८, २० इंची फळी आणि २० अश्वशक्तीची आउटबोर्ड, हे जवळपास ठरले. जवळच एक वापरलेली होडी विक्रीला आहे, ०.०८० जाडीची, रिव्हेटची, ट्रेलर व मोटरसह. ती पाहायला जाताना काय काय तपासावे? आणि गॅरेजची खोली २० फूट आहे, तेवढ्यात ट्रेलर मावेल ना?

वल्हवणारा

चौदा फुटी होडीचा ट्रेलर पुढच्या दांड्यासकट १७-१८ फूट भरतो, मागे मोटर थोडी बाहेर येते. वीस फुटांत मावेल, पण दार लावण्यापूर्वी मोटर सरळ खाली करावी लागेल. जागा अपुरी वाटली, तर बिजागरीवर वळणारा दांडा बसवून घेता येतो आणि सुमारे दोन फूट वाचतात. सोळा फुटी होडीला मात्र आपल्या गॅरेजमध्ये हे जमवणे कठीण गेले असते.

तपासणीसाठी पाण्याची नळी बरोबर न्या. होडी ट्रेलरवरच असताना तिच्यात घोट्याएवढे पाणी भरा आणि खाली वाकून पाहा. रिव्हेट गळत असतील तर बाहेर थेंब दिसतील, आणि प्रत्येक थेंबाभोवती खडूने खूण करता येईल. चार-सहा गळके रिव्हेट हे किंमत उतरवण्याचे कारण आहे, होडी नाकारण्याचे नव्हे. पाणी याहून जास्त भरू नका, ट्रेलरवर त्याचे वजन वेगाने वाढते. त्यानंतर मागच्या फळीकडे वळा. अनेक होड्यांत ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लायवूड असते, आणि ते कुजले तर बाहेरून कळत नाही. मोटरचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा. फळी लवली किंवा मोटर बसवलेल्या बोल्टांतून तपकिरी पाणी आले, तर सौदा सोडून द्या. होडी ट्रेलरवर ज्या ओंडक्यांवर टेकते, त्या जागी आरसा घालून तळ पाहा आणि पांढरी भुकटी शोधा. धातुकाम_गोवा यांनी जे लिहिले आहे ते येथे प्रत्यक्ष दिसते.

मोटर आपल्यासमोर थंड स्थितीतून सुरू करून दाखवायला सांगा. थंड करणाऱ्या पाण्याची धार एकसारखी आणि जोरात आली पाहिजे; ती दुबळी असेल तर पंपाचा रबरी पंखा चिखलाने झिजला आहे, असे समजावे. गिअरचे तेल थोडे काढून पाहा, ते दुधासारखे झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. ट्रेलरची चाके उचलून हाताने फिरवा आणि बेअरिंगची खरखर ऐका. गरम झालेली बेअरिंग खाऱ्या पाण्यात बुडवली जाते, आत पोकळी होऊन पाणी ओढले जाते, आणि महामार्गावर अडकून पडलेल्या बहुतेक छोट्या ट्रेलरांची कथा तेथूनच सुरू होते.

शेवटी कागद. टेक्ससमध्ये होडीचे मालकीपत्र वेगळे आणि आउटबोर्ड मोटरचे वेगळे असते, आणि ही दोन्ही राज्याच्या उद्यान व वन्यजीव विभागाकडे आपल्या नावावर करावी लागतात. ट्रेलरची नोंद काउंटीच्या कर कार्यालयात होते. विक्रेत्याकडे होडीचे मालकीपत्र आहे पण मोटरचे हरवले आहे, असे ऐकू आले, तर ते त्याने नव्याने काढून हातात देईपर्यंत पैसे देऊ नयेत. दोन्ही कागदांवरील क्रमांक होडीच्या मागच्या फळीवर कोरलेल्या आणि मोटरच्या पट्टीवरील क्रमांकांशी तेथेच उभे राहून जुळवून घ्या.